लाटणं पेणला निघालं

शनिवार, १० जानेवारी. अर्धा दिवस भरून धाटावहून घरी आले, चिंच भिजत घातली आणि काकांच्या टेबलावरची भांडी मोरीत उतरवली. काकींचा निरोप होता: खालच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, टेबल मोकळं कर, माझं सामान मला पोचव. सामान म्हणजे एक पळी, एक झारा, दोन वाट्या, किसणी, सांडशी, पितळेचा तांब्या. आणि लाटणं. लाटणं लाकडी, त्याला चिंच नको होती. पण त्याच्या एका टोकाला पापडाचं पीठ वाळून दगड झालं होतं. ते खरवडायला सुरी घेतली आणि परत ठेवली. आधी पितळ उरकू म्हटलं.

काका माझे नात्याने कोणी नव्हेत. घरमालक. रोह्यात स्टेशनच्या बाजूला त्यांचं बैठं घर, त्यावर नंतर चढवलेली एक खोली, ती माझी. मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. एवढं कळल्यावर माझं नाव विचारायची त्यांना गरज वाटली नाही. खालून हाक यायची, “ओ स्टोअर!” आणि मी खाली गेले की म्हणायचे, “सावकाश. पायऱ्या सावकाश उतर. टेबल हलतंय.”

रागाने घर सोडणारा माणूस कपडे नेतो, बँकेचं पुस्तक नेतो. काकांनी पेणचं घर सोडताना लाटणं नेलं. पापडाचं, खाचांचं, वापरून वापरून मधे बारीक झालेलं. काकी पोह्याचे पापड करून विकतात, तेव्हा लाटणं नेलं की बाईचं काम अडेल, असा त्यांचा हिशेब. काकींनी दुसऱ्या दिवशी बाजारातून नवं आणलं. हे मला दोघांनीही सांगितलं आहे, वेगवेगळं. सांगताना काका हसायचे. काकी हसायच्या नाहीत.

राग कशाचा, तेही सांगते. पेणला गणपतीचे कारखाने आहेत. तिथे माती मळणारे वेगळे, साचे भरणारे वेगळे, रंग देणारे वेगळे, आणि सगळं झाल्यावर शेवटी आखणी करणारा येतो. म्हणजे डोळे रेखणारा. काकांनी जन्मभर तेच केलं. श्वास आत घेतला की बुबुळ, सोडत सोडत पापणी, असं ते म्हणायचे. मग एका सीझनला हात कापायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हात कापतच राहिला. एका मोठ्या मूर्तीचं डावं बुबुळ सरकलं. मालकाने मूर्ती दुसऱ्याकडे दिली आणि काकांना म्हणाला, तुम्ही आता पाट रंगवत जा. कारखान्यात कुणी हसलं नाही, कुणी कीव केली नाही. काका घरी आले आणि हे सगळं काकींना सांगितलं. काकी पापड लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “मंग पाट रंगवा. देव पाटावरच बसतो ना?”

तेवढ्यावर माणूस रोह्याला आला. त्यांच्या आत्याचं हे घर रिकामं पडलं होतं, त्यात राहिला.

मला विचाराल तर काकी बरोबर होत्या. काकांना तसं सांगितलंही होतं. ते म्हणाले, “तू पेणची आहेस, तू तेच म्हणणार.” मी पेणचीच. आई तिथे असते, दर रविवारी मी जाते. त्यामुळेच पुढची हमाली माझ्याकडे आली.

पिक्चरचं खूळ त्यांच्या डोक्यात मोबाइलमुळे आलं, असं लोकांना वाटायचं. वस्तू जरा सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप चालते. स्टॉप मोशन म्हणतात त्याला. पण काका म्हणायचे, हे मला मोबाइलच्या आधीपासून ठाऊक आहे. कारखान्यात एका साच्यातले गणपती फळीवर ओळीने ठेवलेले असतात. साचा एकच, पण डोळे हाताने रेखलेले, त्यामुळे प्रत्येकाची पापणी केसभर वरखाली. “त्या रांगेसमोरून तू भराभर चालत जा,” ते म्हणाले, “मूर्तीकडे बघत. रांग दिसत नाय तुला. एकच गणपती दिसतो आणि तो पापणी मिटून उघडतो. मी किती वर्षं एकट्याने बघितलाय तो.”

मी रविवारी पेणला एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन तसं चालून बघितलं. तिथल्या बाईने विचारलं काय हरवलं म्हणून. मला काही पापणी दिसली नाही. काकांना तसं सांगितलं, तर म्हणाले, “हल्लीचे सगळे सारखेच काढतात.”

माझा जुना मोबाइल पडून होता, काचेला तडा गेलेला. तो त्यांना दिला. पाच मिनिटांत त्यांना एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर माणूस खुर्चीत नीट बसला. मला ते बसणं आठवतं. म्हणाले, “स्टोअर, हे बघ. मी वस्तू हलवतो तेव्हा हात कापतो. कापू दे. फोटो कधी काढायचा? हात काढून घेतल्यावर. फोटोत हात नाय. म्हणजे कापणं नाय.” तेव्हापासून त्या टेबलावरचा पहिला आणि शेवटचा कायदा तोच होता. हात दिसता कामा नये. एकदा पळी सरळ करताना माझ्या बांगडीची कड एका फोटोत आली. एवढीशी, कोपऱ्यात. त्यांनी संध्याकाळभर केलेलं सगळं काम पुसलं आणि पळीला पहिल्या जागेवर नेऊन ठेवलं. मी म्हटलं, कुणाला दिसणार आहे? म्हणाले, “मला.”

पिक्चरची गोष्ट साधी होती. एक लाटणं रोह्याला राहतं. त्याला पेणला जायचं आहे, तिथे त्याचा पोळपाट आहे. वाटेत त्याला बाकीची भांडी भेटतात आणि त्याच्याबरोबर निघतात. शेवटी ते पोळपाटावर चढतं. संपलं. कोण कुणाला काय सांगतंय हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. पण आम्ही बोलायचो ते उजेडाबद्दल.

कारण उजेडाने त्यांचा जीव खाल्ला होता. खिडकीतून ऊन आलं की सावली सरकते, आणि पिक्चरमध्ये लाटणं एका जागी उभं असूनही दिवस मावळतो. म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि टेबलावर दिवा लावला. मग लाईट जायची. लाईट गेली की काका हातातलं भांडं हातात तसंच धरून अंधारात बसून राहायचे, कारण ठेवलं तर जागा चुकेल. शेजारून मालगाडी गेली की टेबल थरथरायचं. कोणती केव्हा जाते ते त्यांना पाठ झालं होतं. मालगाडीच्या वेळी ते चहा घ्यायचे.

सगळा आराखडा कॅलेंडरवर. जुनी कॅलेंडरं त्यांनी गोळा केली होती, आयते चौकोन मिळतात म्हणून. एका चौकोनात एक चित्र: लाटणं उंबऱ्यावर, लाटणं पळीला भेटलं, पळी नको म्हणते, पळी तयार होते. त्या भरात चालू महिन्याचं कॅलेंडरही रंगवून टाकलं. त्या घरात आज तारीख काय हे विचारायची सोय नव्हती. एकदा संकष्टी कधी म्हणून विचारायला शेजारच्या वहिनी आल्या, तर काका म्हणाले, “झारा जिथे पडतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

भांड्यांना डोळे लावायचे नाहीत, हाही त्यांचा नियम. मोबाइलवर असल्या पिक्चरमध्ये चमच्यांना गोल डोळे चिकटवलेले असतात. ते बघून मी टिकल्या आणून दिल्या होत्या. त्यांनी परत दिल्या. “जन्मभर डोळेच काढले. डोळे लावले की वस्तू तुझ्याकडे बघत बसते. तिला काम सुचत नाय.”

पात्रं पेणहून यायची. काकांना स्वतःच्या घरातली भांडी नको होती. त्यांना काकींचीच हवी होती, आणि कोणती ते नेमकं ठाऊक होतं: दांड्याला तार गुंडाळलेली पळी, एक कान तुटलेला झारा. मी रविवारी जायचे आणि काकींच्या ओसरीवर उभी राहायचे.

“काय गो, आज काय न्यायला आलीस?”

“किसणी.”

“किसणी? त्याला काय खोबरं किसायचंय?”

“किसणीचा डोंगर करायचाय. लाटणं चढून जाणार.”

काकी लाटायच्या थांबायच्या नाहीत. तशाच म्हणायच्या, “फडताळात हाय बघ. आणि परत आण. नायतर माझं घर असंच जाईल एकेक करून तुझ्या पिशवीतून.” पण कधी नाही म्हणाल्या नाहीत. एकदा मी काही मागायच्या आतच पितळेचा तांब्या पिशवीत घातला. “हा ने. हा गोल हाय, लुडकेल बरा.”

भांडी उभी कशी करायची हा मोठाच प्रश्न होता. पळी दांड्यावर उभी राहत नाही. मेण झालं, शाडू झाली, खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी झाली. मेण दिव्याने वितळायचं, शाडू सुकून सुटायची. मग एकदा काकींनी मला चार लाट्या घरी लाटून खायला दिल्या होत्या, त्यातली एक काकांनी उचलली, पळीच्या टोकाला लावली आणि पळी उभी राहिली. हवी तेवढी झुकते, सोडली की तशीच राहते. पोह्याच्या पापडाचं पीठ, त्यात पापडखार, कुटून कुटून चिवट केलेलं. ते खूश. मी पुढच्या रविवारी काकींना सांगून बसले.

“माझ्या पिठानं भांडी चिकटवतो?” त्यांनी लाटणं खाली ठेवलं. “अन्न हाय ते. लोक वर्षभर डब्यात भरून ठेवतात.”

मी म्हटलं, चूक झाली, सांगते त्यांना. त्या पुढचा पापड लाटायला लागल्या. मी निघताना त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक गोळा माझ्या हातावर ठेवला. “हे घट्ट मळलंय. खायचं नाय म्हणून सांग, चिकटवायचं हाय.” त्यानंतर दर आठवड्याला दोन पुड्या यायच्या. एक खायची, एक चिकटवायची. काकांनी त्या कधी उलटसुलट केल्या नाहीत.

लाटण्याच्या खाचांचा त्यांनी फार उपयोग करून घेतला. एक खाच पुढे, एक फोटो. हात कापला तरी खाच कापत नाही. त्यामुळे लाटणं फार छान चालायचं, अगदी एका लयीत, रस्ता ठाऊक असल्यासारखं. बाकीची भांडी लटपटायची. वाटेतली गावं म्हणजे काडेपेट्या, वर कागद चिकटवून नावं लिहिलेली: निडी, नागोठणे, गडब, पेण. अक्षरं मी काढली. त्यांनी काढली असती तर कापली असती.

आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षातला एक गुरुवार सांगायलाच हवा. काका दिव्याचा बल्ब उडाला म्हणून नाक्यावर गेले होते, मी नुकती घरी येऊन वर हातपाय धूत होते. दार उघडं. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. त्यांना काय दिसलं, तर खिडक्या झाकलेली खोली, टेबलावर पांढरं वस्त्र, मधोमध घासून लखलखीत केलेला तांब्या, दोन्ही बाजूंना वाट्या. त्यांना वाटलं पूजा मांडली आहे. त्यांनी तांब्याला हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं, नमस्कार केला आणि गेल्या. जाताना मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “काकांनी मांडणी सुरेख केली हो. बाईमाणूस नसताना.”

काका बल्ब घेऊन आले, बघितलं आणि खुर्चीत बसले. अर्धा प्रसंग काढून झाला होता. मी म्हटलं, थांबा, ओलं फडकं आणते, पुसलं की झालं.

“लावलेलं कुंकू मी पुसू?” ते म्हणाले. “माझी बायको हाय अजून पेणला.”

झालं. तांब्या तसाच पुढे चालला. पिक्चरमध्ये निडीच्या अलीकडे त्याला कुंकू नसतं आणि पुढच्या क्षणी असतं. फूल त्यांनी एकेक पाकळी काढत फोटो घेतले, त्यामुळे ते आपोआप उडून गेल्यासारखं दिसतं. पुढे पितळ काळं पडायला लागलं, तांब्या दर वेळी सारखाच दिसायला हवा म्हणून घासायचं काम माझ्याकडे आलं. “कुंकू सोडून घास,” असं ते प्रत्येक वेळी सांगायचे. काम नसलं की त्यावर पिशवी घालून ठेवायचे.

पोळपाट मात्र येईना. तो शेवटच्या प्रसंगाला हवा होता, आणि काकी देईनात. बाकी सगळं दिलं, पोळपाट नाही. “तो रोजचा हाय माझा. हवा तर माणसानं स्वतः येऊन न्यावा.” मी तो निरोप जसाच्या तसा दिला. काका म्हणाले, “दुसरा कुठला चालणार नाय. त्याला मधे खळगा पडलाय. हे लाटणं त्याच खळग्यात बसतं.” एवढंच. पेणला जाण्याबद्दल काही नाही.

एका रविवारी मात्र, कसं कोण जाणे, सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी अंगणात उभे. लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत. काही विचारलं असतं तर ते तिथूनच मागे फिरले असते. काकींना फोन केला, आम्ही दोघं येतोय. गाडीत ते खिडकीशी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोरच्या बाकावर पेणचा कुणी असेल तर त्याला दिसू नयेत म्हणून. गाडी निडीला थांबली. काका उठले.

“स्टोअर, हा फलाट बघून ठेवायला हवा. पिक्चरमध्ये निडी हाय.”

“काका, बसा. येताना बघू.”

“येताना उजेड नसतो,” म्हणाले आणि उतरले. मी दारापर्यंत पोचले तोवर गाडी हलली होती. ते फलाटावर काखेत पुडकं धरून उभे. माझ्याकडे बघत नव्हते. खरंच फलाटाकडे बघत होते, छताकडे, सावलीकडे.

पेणला काकींनी दोन ताटं मांडली होती. वालाचं बिरडं केलं होतं, ओसरी सारवल्यासारखी पुसून घेतलेली. पापडाचं सगळं आवरून ठेवलेलं. पोळपाट धुऊन भिंतीला टेकवून ठेवलेला. मी एकटी आले बघून त्यांनी विचारलं, “उतरला कुठे?”

“निडीला.”

“निडी? ते पहिलंच ठेसन ना गो?”

“हो.”

“मंग ते रोह्याचं अंगणच की.” दुसऱ्या ताटातलं बिरडं त्यांनी माझ्या ताटात घातलं. “खा आता दोघांचं.” आणि पोळपाट घेऊन कामाला बसल्या. रविवारी दुपारी त्या काम करत नाहीत.

मी परत आले तर काका टेबलाशी. कॅलेंडरवर नवे चौकोन काढत होते. “निडीला सावली फार चांगली पडते,” एवढंच म्हणाले. मी सरळ वर निघून गेले. बिरडं मी पोट भरल्यावरही खाल्लं होतं.

यंदाची दिवाळी होऊन गेली आणि एक दिवस सकाळी ते चहा ठेवायला उठले ते ओट्यापाशीच बसले. मी खाली आले तेव्हा पाणी उकळून आटलं होतं. गॅस बंद केला, डॉक्टरांना बोलावलं, काकींना फोन केला. काकी मिळेल त्या गाडीने आल्या. सगळं होईपर्यंत घरात माणसं होती. माणसं गेल्यावर त्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. सगळी भांडी रस्त्यावर ओळीने उभी, पुढे लाटणं, शेजारी काडेपेटी. काकींनी काडेपेटीवरचं नाव वाचलं. “गडब.” मग म्हणाल्या, “माझी पळी इथं हाय तर.” हात कशालाच लावला नाही. पिशवीत घालू का विचारलं, तर म्हणाल्या, “आता नको. मंग आण.”

पिक्चर दाखवायला मोबाइल मी तेव्हा काढला नाही. ती वेळ नव्हती. आणि नंतर कितीतरी रविवार मी पेणला गेले, पण काकींच्या ओसरीवर काही मागायचं नसताना कसं उभं राहायचं ते मला जमेना. एकदा पलीकडच्या रस्त्याने गेले.

घरात तसा काही फरक नाही. पाणी वेळेवर येतं. कंपनीतून आले की कुलूप काढून थेट वर जाता येतं, खालून कुणी अडवत नाही. पण पायऱ्या मी अजून सावकाश उतरते. मालगाडी जायला लागली की हातातलं काम थांबतं आणि चहा ठेवावासा वाटतो. घाईच्या दिवसांत स्टोअरमध्ये माझ्या नावाने कुणी हाक मारली की मी पटकन ओ देत नाही. “स्टोअर” म्हटलं की देते, पण तसं तिथे कुणी म्हणत नाही.

तर शनिवारी सगळी भांडी झाली. शेवटी तांब्या घेतला, वरची पिशवी काढली, आणि हाताने आपोआप कुंकू सोडून घासला. फिकं झालेलं, तरी होतं. लाटण्याचं पीठ खरवडलं नाही. सगळं पिशवीत भरलं. काडेपेट्याही घेतल्या, टाकायच्या कुठे म्हणून. टेबल पुसलं, खिडक्यांची वर्तमानपत्रं काढली. खोलीत ऊन आलं. ऊन आल्यावर ती खोली कुणाचीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पेणला गेले. काकी ओसरीवर, पुढ्यात पोळपाट, बाजूला लाट्यांचं भांडं, अंगणात बाजेवर पापड. मी एकेक भांडं काढून दिलं. त्यांनी प्रत्येक उलटंपालटं करून बघितलं आणि मागे ठेवलं. तांब्यावर थांबल्या.

“हा एवढा राहिला गो घासायचा.”

मी वहिनींची गोष्ट सांगितली. काका काय म्हणाले तेही सांगितलं. काकींनी तांब्या पदराने धरला आणि उठून आत फळीवर ठेवून आल्या. घासला नाही.

मग मी मोबाइल काढला. म्हटलं, शेवटचं नाही झालेलं, पण बघा. त्यांनी हात पुसले नाहीत. मीच मोबाइल त्यांच्यासमोर धरला. लाटणं उंबऱ्यावरून निघालं. पळी आली, झारा पडला, उठला. निडी आली. निडीला लाटणं थांबतं. बराच वेळ नुसतं उभं. मग मागे फिरतं, आल्या वाटेने, एक एक खाच.

“परत चाललं,” काकी म्हणाल्या.

“पुढे बघा.”

लाटणं चौकटीबाहेर जातं. निडीची काडेपेटी एकटी राहते, शेजारी तांब्या उभा. आणि मग लाटणं पुन्हा येतं. आधीपेक्षा हळू येतं, तांब्यापाशी थांबतं, आणि दोघं पुढे निघतात. नागोठणे जातं. किसणीचा डोंगर चढून उतरतात. गडबची काडेपेटी येते, आणि पडदा काळा.

“गडबला का थांबला?”

“तिथपर्यंतच झालं काकी.”

अंगणात कावळा पापडांशी आला होता, त्याला काकींनी हाकललं. मग पोळपाटावरचं पीठ तळव्याने पुसलं, पोळपाट उचलला आणि ओसरीच्या कडेला, फरशीवर ठेवला. “इथं ऊन बरं हाय का?”

“ऊन सरकतं. भराभर करावं लागेल.”

“मंग कर ना. मी हलवते. तुला खाचा कळायच्या नायत.”

मी ‘पेण’ लिहिलेली काडेपेटी ठेवली. मोबाइल दोन डब्यांच्या मधे उभा केला. लाटणं दूर ठेवलं. काकी गुडघ्यावर बसल्या. एक खाच. मी म्हटलं, “हात काढा.” फोटो. एक खाच. “हात काढा.” पाच-सहा वेळा सांगावं लागलं, मग त्या आपणच काढायला लागल्या. लाटणं फरशीवरून येत होतं आणि त्यांचा हात जराही कापत नव्हता. सावली सरकत होती. पिक्चरमध्ये ते दिसणार, दिसू दे. लाटणं पोळपाटाच्या कडेला लागलं. त्यांनी ते चढवलं. पुढे ढकललं. मधल्या खळग्यात ते बसलं. हललं नाही.

काकींचे दोन्ही हात लाटण्यावर होते, टोकांना, रोज धरतात तसे. नखांत पीठ.

“काकी, हात काढा.”

त्यांनी काढले नाहीत. मी थांबले. कावळा परत आला, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

“घे की फोटो,” त्या म्हणाल्या. “ऊन चाललंय.”

मी फोटो घेतला.